अळंबीचा फोटो वरून काढू नका, बूड दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की अळंबी खाऊन उलट्या, अख्खं घर दवाखान्यात अशा बातम्या येतात आणि सोबत फोटो असतो लाल टोपी, वर पांढरे ठिपकेवाल्या मशरूमचा. ती जात थंड प्रदेशात पाइन, बर्चच्या मुळांशी जोडून वाढते, आमच्या सिंधुदुर्गातल्या रानात तिचं काय काम? पण तो फोटो बघून बघून लोकांच्या डोक्यात बसलंय की विषारी म्हणजे रंगीत आणि पांढरी दिसली की बिनधास्त खा. जिवावर बेतणाऱ्या अमॅनिटाच्या (हा अळंबीचाच एक गट) कित्येक जाती साध्या पांढऱ्या नाहीतर फिकट हिरवट असतात हो!

आता व्हॉट्सॲपवर वरून काढलेला टोपीचा फोटो टाकून "खाऊ का?" विचारायची पद्धत पडलीये. वरून काहीच कळत नाही. आपली वारुळावरची अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस, तिचा दांडा मुळासारखा खोल जातो, थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो आणि टोपीखालचे पापुद्रे आधी पांढरे, मग गुलाबीसर होत जातात. अमॅनिटाच्या बुडाशी मात्र फाटक्या पिशवीसारखी वाटी असते, आणि नेमकी तीच मातीत राहते कारण आपण वरच्यावर कापून किंवा उपटून घेतो. म्हणून हाताने माती उकरून बूड अख्खं बाहेर काढायचं. शंका असली तर टोपी कापून पापुद्रे खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, काही तासांनी बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरचीचा ठसा गुलाबीसर, अमॅनिटाचा पांढरा, आणि बागेतल्या गवतावर येणारी ती मोठी खवल्यांची छत्री असते ना, तिचा हिरवट, ती खाल्ली की काही तासांतच उलट्या-जुलाब. अर्थात नुसत्या ठशावर विसंबून चालत नाही, सगळ्या खुणा जुळायला हव्यात, एक जरी चुकली तर टाकून द्यायची.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा होतो, किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगली, हे सगळं खोटं आहे. उकळूनही अमॅनिटाचं विष जात नाही. आणि त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मग मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, तेव्हाच लिव्हर आतून खराब होत असतं, आणि माणसं "आता उतार पडला" म्हणून दवाखान्यातून घरी यायला निघतात!

माझी कळकळीची विनंती आहे की दरवर्षी जूनच्या सुरुवातीला पेपरात आपल्याकडच्या जातींचे बुडासकट फोटो छापा, जाणकारांकडून तपासून घेऊन. तो लाल फोटो तेवढा बंद करा. आणि बातमीच्या खाली एक ओळ कायम असू द्या, की त्रास झाला तर उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, पिशवीत घालून डॉक्टरकडे सोबत न्या.

आपला नम्र,
एक वाचक, सावंतवाडी तालुका