सुमे, ते ४८ आकडे शोध

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही मी. शिव्या घालून घे आणि पुढे वाच. गुडघा ठीक आहे, आईंची साखर आटोक्यात आहे. तब्येतीचं झालं. ते ४८ आकडे म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कची चावी, कशाला हवी ते शेवटाकडे येईल.

तू ईराला दिलेला लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलाय. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा क्षणभर फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. स्क्रीन काळी ती काळीच. गेल्या गुरुवारी सकाळी पोरीने बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट लावलं. गुरुवारी, सुमे! या गावात गुरुवारी वीज जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बॅटरी तर काय, ६० टक्के दाखवायची नि दीड मिनिटात मान टाकायची. दादांनी एका दुकानात दाखवला, तिथे 'मदरबोर्ड गेला' असं ऐकून आले. मदरबोर्डाला काही धाड भरलेली नाही. त्यावरच्या आठ पायांच्या एका चिपमधला मजकूर अर्धा नवा नि अर्धा पुसलेला आहे, एवढंच.

सीआयएच व्हायरस आठवतो, बायोस पुसणारा? २६ एप्रिल १९९९. लॅबमधलं मशीन गेलं तेव्हा सरांनी दुसरं चालू करून, त्याची बायोसची चिप चालू असतानाच सॉकेटातून उपटली आणि मेलेली तिथे बसवून लिहिली. तू डोळे मिटले होतेस. मी मिटले नव्हते, तू काहीही म्हण. आता ती चैन नाही, चिप बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते.

आधी फुकटचे उपाय केले. डेलला कंट्रोल-एस्केप, एचपीला विंडोज-बी दाबून धरलं की पेनड्राइव्हवरून बायोस परत घेता येतो, तशी सोय यालाही आहे. पण ती सोय चालवणारा बूट ब्लॉक, म्हणजे बायोसचा पहिला तुकडा, तोही त्याच चिपमध्ये राहतो. तोच पुसला गेला असेल तर नुसती बोटं दुखतात.

मग पासोड्या विठोबापाशी जाऊन सीएच३४१ए चा काळा प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी यंत्र, आणि आठ पायांची क्लिप आणली. काही शे रुपयांचा मामला. पण या काळ्या बोर्डात मेख आहे. चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा देतो आणि डेटाच्या पायांवर मात्र ५ चढवतो. चिप बनवणाऱ्या विनबॉन्डची डेटाशीट म्हणते, कुठल्याही पायावर पुरवठ्याच्या वर ०.४ व्होल्टपेक्षा जास्त नको. पुष्कळांचं काम तसंच होऊन जातं, आणि म्हणूनच पुष्कळ जण दुसऱ्यालाही तसंच करायला सांगतात. उपाय सोपा आहे. सीएच३४१ए चा २८ नंबरचा पाय पॅडवरून उचलायचा, आणि तो व ९ नंबरचा पाय, दोन्ही रेग्युलेटरच्या ३.३ ला बारीक वायरने जोडायचे. मग क्लिप रिकामी ठेवून एकेका वायरवर मोजायचं. 'मल्टिमीटर आधी, भांडण नंतर', तुझंच वाक्य. पंचवीस वर्षांनी ऐकलं, नोंद घे.

चिपवरचा नंबर दिसत नव्हता. खडू घासून पुसला, तिरपा टॉर्च मारला, तेव्हा वाचता आला: विनबॉन्ड २५क्यू१२८एफव्ही. त्या शेपटाला महत्त्व आहे. एफव्ही ३.३ चा. एफडब्ल्यू असता तर १.८ चा, आणि मग मध्ये १.८ चा अ‍ॅडाप्टर लावल्याशिवाय क्लिप जवळसुद्धा न्यायची नाही.

बॅटरीचं कनेक्टर काढलं, चार्जर बाजूच्या खोलीत नेऊन ठेवला, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून उरलासुरला चार्ज घालवला. टेबलावर पाटीही लावलीय: 'क्लिप लागलेली असताना चार्जरला हात लावू नये. लावल्यास मदरबोर्डाची किंमत वसूल केली जाईल.' आईंना फार आवडली.

क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे, म्हणजे १ नंबरच्या पायाला. फ्लॅशरॉम, म्हणजे चिप वाचायचं सॉफ्टवेअर, चालवलं, तर चिपच सापडेना. पुरवठ्याच्या ८ नंबरच्या पायावर मोजलं तर २.५ व्होल्ट. चिपला किमान २.७ लागतात. कारण उघड आहे: क्लिपमधून दिलेला ३.३ एकट्या चिपला मिळत नाही, त्याच रेषेवरचं अख्खं बोर्ड त्यात तोंड घालतं. लांब एक्स्टेंशन काढलं, प्रोग्रॅमर डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबीत थेट खोचला, चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासले. मग चिपची ओळख आली, ईएफ ४० १८. एवढ्यावर भागलं नसतं तर हॉट एअरने चिप उचलूनच वाचावी लागली असती, आणि माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही.

दोनदा वाचलं. दोन्ही फायली बरोब्बर १,६७,७७,२१६ बाईटच्या, म्हणजे १६ एमबी, पण शा-२५६, म्हणजे फाईलचा ठसा, जुळेना. क्लिपचा एक दात अर्धवट टेकला की असंच होतं: चूक दाखवत नाही, नुसते काही बाईट बदलून देते. माणसं नेमकी इथे फसतात. एकदाच वाचतात, तीच फाईल 'मूळ' म्हणून ठेवतात आणि चिप पुसून मोकळी होतात. क्लिप काढून पुन्हा बसवली. ओळीने तीन वाचनं सारखी आली, तेव्हा कुठे चहा घेतला. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्यात.

फाईल यूईएफआय-टूल या बायोस उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सुरुवातीचा डिस्क्रिप्टर, म्हणजे भागांचा नकाशा, शाबूत; एमईचा, म्हणजे इंटेलच्या आतल्या छोट्या कंट्रोलरचा, भाग शाबूत; एनव्हीरॅम, म्हणजे सेटिंग्जचा कप्पा, शाबूत. बायोसच्या भागात मधेच एफएफ-एफएफची, म्हणजे पुसलेल्या बाईटांची, रांग, कुणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी. कंपनीच्या साइटवरची फाईल सरळ चिपवर ओतायची नसते. तिला पुढे हेडर चिकटलेलं असतं आणि आत सगळे भाग असतातच असं नाही. तिच्यातून बायोसचा भाग काढून आपल्या वाचनात त्याच जागी बसवायचा, लांबी एका बाईटनेही बदलता कामा नये. त्यातलं एनव्हीरॅम मात्र आपल्या जुन्या वाचनातलं ठेवायचं. सीरियल नंबर, विंडोजची चावी असला ऐवज अशाच कोपऱ्यांत असतो. दादा म्हणतात, नेटवर याच मॉडेलची तयार बिन फाईल मिळते, ती टाक. ती कुणा परक्या लॅपटॉपची असते! त्याचा सीरियल, त्याचा एमई. परक्या एमईने कधी अर्ध्या तासाला मशीन बंद पडतं, कधी पंखा विमानासारखा ओरडत राहतो.

तर फाईल तयार आहे, आणि दोन रात्री मी ती लिहीत नाहीये. इथे तू येतेस.

लॅपटॉप पहिल्यांदा तू सुरू केलास, तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याने. त्या खात्याने सुरू केलेल्या बहुतेक मशीनांवर डिस्क बिटलॉकरने गुपचूप कुलूपबंद होते, विचारतसुद्धा नाही. त्या कुलपाची चावी टीपीएमकडे, म्हणजे सुरू होताना बायोस तोच आहे ना हे मोजमापावरून बघून मगच चावी देणाऱ्या पहारेकऱ्याकडे, आणि या मशीनला टीपीएमची वेगळी चिप नाही. तो एमईच्या आतच चालतो आणि आपला साठा याच चिपमध्ये ठेवतो. वरचा बायोस बदललेला दिसला की टीपीएम चावी देईलच असं नाही. मग निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतील, सहा-सहाचे आठ गट. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तेच ४८ मागणार, तो प्रयोग करून झाला. ईराच्या प्रोजेक्टची दुसरी प्रत नाही. मी काही बोलले नाही तिला, तूही बोलू नकोस.

चावी तुझ्या खात्यात असेल तर मला मोकळीक आहे. मग एमईसुद्धा कोरा घालून स्वच्छ लिहीन. नसेल, तर एमई नि एनव्हीरॅमला बोट न लावता फक्त बायोसचा भाग, तोही जुन्याच आवृत्तीचा, म्हणजे जे मोजमाप टीपीएमला आठवतंय तेच पुन्हा दिसेल अशी आशा. दोन्ही वाटा एकदम चालता येत नाहीत. तू म्हणशील, आधी लिही, मग बघू. तुझा रेडिओ असाच गेला होता, ६० वॅटच्या इस्त्रीने. हो, इस्त्रीच म्हणेन, सोल्डरिंग आयर्न नव्हतंच ते.

तुझं बढतीचं कळलं, अभिनंदन. कौलांचं काम पावसाआधी उरक. सोहमची बारावी कशी गेली तेही दोन ओळीत कळव.

खात्यात लॉगिन कर, उपकरणांच्या यादीत हा लॅपटॉप उघड, तिथे बिटलॉकरच्या चाव्या दिसतील. एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या हव्यात, प्रत्येकीचा ओळख क्रमांकही. निळ्या स्क्रीनवर जो क्रमांक येईल त्याच्याशी पहिली आठ अक्षरं जुळवायची आहेत. फोटो काढून पाठव. फोनवर वाचून दाखवू नकोस, तुझं एकोणसाठ नि एकोणसत्तर अजून एकच असतं.

तुझी,
नलू