डिस्चार्ज देता, पण घरी करायचं काय ते कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाची तुमची पुरवणी दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागली म्हणून हे पत्र उशिरा लिहितोय. पुरवणी चांगलीच होती, हास्यक्लब होता, सकाळचं फिरणं होतं, नातवाकडून मोबाईल शिकणारे आजोबा होते. फक्त बाजेवर पडून असलेलं म्हातारं माणूस त्यात कुठंच नव्हतं आणि त्याचं हगणंमुतणं काढणारं माणूस तर नव्हतंच नव्हतं. शब्द जरा तसा आहे पण काम बी तेच आहे, छापायचा नसेल तर बदला.

माझी माय ७८ वर्षांची. मागच्या वर्षी आषाढात न्हाणीत घसरली, शहाबादी फरशी, वर साबणाचं पाणी, खुब्याचं हाड मोडलं. शहरात नेऊन ऑपरेशन केलं, ते चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पाचव्या दिवशी डिस्चार्ज दिला. हातात फाईल, एक्स-रे, गोळ्यांची पिशवी आणि कागदावर खाली दोन शब्द, बेड केअर, ते बी इंग्रजीत. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, फवारणीचं औषध देताना सुद्धा शेतकऱ्याला पंपाला किती टोपणं ते दोनदा सांगतो, इथं जित्या माणसाचं कुणी काहीच सांगितलं नाही.

मग आम्ही आमच्या अकलेनं केलं. टाके तुटतील म्हणून मायला हलवलंच नाही. जाड गादी टाकली, वरून पावडर लावली, उताणीच ठेवली. दहाव्या दिवशी बायको म्हणली वास कशाचा येतोय हो, म्हणून कुशीवर केलं तर माकडहाडापाशी रुपयाएवढी काळी जागा आणि कडेनं पाणी. ऑपरेशन पाच दिवसांत उरकलं होतं, ती जखम भरायला साडेतीन महिने गेले.

ड्रेसिंगला एक सिस्टर घरी यायच्या त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितलं ते पहिल्या दिवशी कळलं असतं तर एवढं झालंच नसतं. दर दोन तासाला कूस बदलायची, पार आडवं करायची गरज नाही, पाठीमागं उशी देऊन जरा तिरपं केलं तरी चालतं. खुब्याचं ऑपरेशन असेल तर कोणत्या कुशीवर करायचं ते डॉक्टरला आधी विचारायचं आणि दोन गुडघ्यांत उशी ठेवायची. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते, टाच लवकर जाते. सरकवताना ओढायचं नाही, खाली चादर घालून दोघांनी उचलायचं. आणि रोज अंग पुसताना माकडहाड, खुबा, टाचा बघायच्या, लाल दिसलं की बोटानं दाबायचं, दाबल्यावर लाली गेली तर ठीक, नाही गेली तर जखमेची सुरुवात झाली समजायचं आणि तिथं चोळायचं तर अजिबात नाही (आम्ही तेल लावून चोळत होतो!). एअरबेड भाड्यानं मिळतो, घ्यावा, पण तो घेतला म्हणून कूस बदलायचं सुटत नाही.

दुसरा फटका यंदाच्या मे महिन्यात. आमच्याकडं मे कसा असतो तुम्हाला सांगायला नको, बेचाळीसच्या पुढं पारा. एका सकाळी माय म्हणायली, "दारात शेळ्या कुनी सोडल्या रे, हाकल की." शेळ्या आम्ही विकून वीस वर्षं झाली. दुपारून मला ओळखंना, रात्रभर बडबड. शेजारच्या काकू म्हणल्या बाहेरचं दिसतंय, उतरून टाका, कुणी म्हणलं वय झालं, आता असंच चालायचं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरनं रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११८, जे १३५ च्या पुढं पाहिजे. बीपी आहे म्हणून आम्ही जेवणातलं मीठ पार तोडलं होतं, बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध होतं आणि वरून तो उन्हाळा. ॲडमिट केलं, सलाईन लावून हळूहळू वाढवलं, चौथ्या दिवशी माय चहात साखर कमी आहे म्हणून भांडली तेव्हा जीव भांड्यात पडला.

हे सगळ्यांना माहीत पाहिजे. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं तर ते म्हातारपण नसतं, बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं, लघवीत इन्फेक्शन, सोडियम, शुगर, पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी. विसरभोळेपणाचा आजार वर्षा-वर्षानं वाढतो, एका रात्रीत येत नाही. आणि एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मग सकाळची वाट बघायची नाही, तो लकवा असू शकतो, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्याकडं गावातून सीटी स्कॅनपर्यंत पोचायलाच त्यातला किती वेळ जातो बघा.

एकादशीचं पण लिहितो, हे तुमच्या पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या लेखात कधी येत नाही. आमच्या गल्लीतले एक आजोबा माळकरी, शुगरची गोळी सकाळी घेतात आणि वर निर्जळी उपास. मागं एकदा देवळाच्या पायरीवर घाम फुटून कोसळले, पोरं म्हणली हार्ट अटॅक, निघाली शुगर ४८, म्हणजे पार उतरलेली. उपास सोडा म्हणून तर ते ऐकणार नाहीत, आधी डॉक्टरला विचारून त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते ठरवून घ्यायचं, आणि कुणी असं थरथरलं, घामेजलं आणि शुद्धीत असलं की आधी साखर-पाणी पाजायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, ठसका लागतो, सरळ दवाखाना.

आता पाळीचं. आईबापाला चार-चार महिने वाटून घ्यायची आपल्याकडं रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही, आम्ही पण तिघं भाऊ तेच करतो, एकट्याला झेपत नाही. पण माणूस जातं आणि फाईल इथंच राहते. तिकडं नवा डॉक्टर, नव्या गोळ्या, जुन्या चालूच. मायच्या पिशवीत मला एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावानं सापडली आणि दोन्ही रोज पोटात जात होत्या. शिवाय नवं घर म्हणजे रात्री लघवीला उठल्यावर दार कुठं तेच कळत नाही आणि पडणं बहुतेक तेव्हाच होतं. झिरोचा बल्ब, भिंतीला धरायला दांडी, कमोडची खुर्ची, आणि उठताना आधी मिनिटभर बाजेच्या काठावर बसवायचं, झटक्यात उभं केलं की बीपी उतरून चक्कर येते.

कागदपत्राचं थोडक्यात. ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ५ लाखापर्यंतचे उपचार आहेत, ऑक्टोबर २०२४ पासून. ते माणूस चालतं-फिरतं असतानाच काढून ठेवा. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आणि आधार अपडेट करायला खुबा मोडलेल्या माणसाला खुर्चीत घालून सेंटरवर न्यायची पाळी आमच्यावर आली होती. कुठं अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फुकट. आणि शेत नावावर करून देणाऱ्या आईबापांना एक सांगणं, बक्षीसपत्रात मरेपर्यंत सांभाळायची अट लिहूनच घ्या. २००७ च्या कायद्यात ती अट पाळली नाही तर प्रांत साहेबांपुढच्या न्यायाधिकरणात बक्षीसपत्र रद्द करता येतं, पण कागदावर अट नसेल तर फार ओढाताण होते. पोरांना राग येईल. येऊ द्या, मी पण पोरगाच आहे.

बायकोविषयी लिहू का नको असं चाललं होतं. यंदा श्रावणात तिचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं आणि बारा दिवस मायचं सगळं माझ्याकडं आलं. तोवर मी गावभर सांगत होतो की मी माझ्या मायला सांभाळतो. तिसऱ्या रात्री दोनच्या अलार्मला उठून चादर बदलताना मी मायवर ओरडलो, ती काही बोलली नाही, नुसती भिंतीकडं बघत राहिली. हे काम बायकोनं वर्षभर एक दिवसाची सुट्टी न घेता केलं होतं आणि भेटायला येणारं प्रत्येक पाहुणं तिलाच शिकवून जात होतं, केळं देऊ नका, पंखा लावू नका. आता आम्ही भावांनी ठरवलंय, माय कुणाकडं पण असो, महिन्यातले चार दिवस बाकीच्या दोघांपैकी एकानं येऊन करायचं आणि करणारीनं माहेरी नाहीतर कुठं पण जायचं. पैसे पाठवलेले त्यात धरायचे नाहीत.

तुम्हाला विनंती एवढीच, आठवड्याला एक चौकट या कामाला द्या, मोठ्या डॉक्टरांकडून नको, सिस्टर किंवा फिजिओथेरपीवाल्यांकडून लिहून घ्या, आपल्या बोलीत. आणि दवाखान्यांना तुमच्या पेपरातून सांगा की डिस्चार्जच्या आधी घरच्या माणसाच्या हातानं एकदा पेशंटची कूस बदलून घ्या, अर्धा तास लागेल.

माय आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येते. भाऊबीज झाली की धाकट्याकडं पुण्याला जायचीय, यावेळी पिशवीत लुगड्याच्या आधी फाईल भरलीय, आणि धाकट्याला सांगितलंय बाथरूमला दांडी बसवून मला फोटो टाक मगच गाडीत बसवतो. फोटो अजून आला नाही.

आपला,
एक वाचक (नाव छापू नये)
ता. सेलू, जि. परभणी