चेहऱ्यावर काही दिसू न देणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चौकाचौकात सध्या ‘धूर्त नेता कोण’ यावर वाद रंगतात. जो मोठ्यानं बोलतो तो धूर्त, असा बहुतेकांचा हिशेब दिसतो. मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होतो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून बघताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे आमच्या शेठनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

म्हणून मला माजी पंतप्रधान नरसिंह राव आठवतात. रामटेकमधून दोनदा खासदार झालेला, मराठी जाणणारा हा माणूस. १९९१ साली परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, सोनं गहाण टाकलेलं, लोकसभेत बहुमत नाही. २४ जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प गाजला. पण त्याच दिवशी, त्याच्या आधी, बहुतेक उद्योगांचं परवाना-राज, म्हणजे सरकारी परवान्याची सक्ती, मोडणारं धोरण सभागृहात ठेवलं गेलं, तेही राज्यमंत्र्याकरवी. उद्योग खातं स्वतः रावांकडं होतं! बोलबाला अर्थसंकल्पाचा, मोठा बार मात्र आधीच उडालेला.

परराष्ट्र व्यवहारातही तेच. जानेवारी १९९२ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत दिल्लीत पाहुणचार घेऊन गेले आणि त्याच महिन्याअखेर भारतानं इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. अरब देशांशी तुटलंही नाही.

बाबरीच्या वेळी हेच मौन महागात पडलं, ते मी विसरत नाही. पण आमच्या कट्ट्यावर रावांचं नाव काढलं की पोरं विचारतात, “कोण राव?”

– एक निवृत्त दिवाणजी, शाहूपुरी, कोल्हापूर