साभार पोच कोलकात्याचीही हवी

संपादक महोदय,

कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा विषय निघाला की आकडा ठरलेला असतो : वीस लाखांहून अधिक ग्रंथ, देशात सर्वांत मोठे. आकडा खरा आहे. त्यात मराठीची भर किती पडते, हे मात्र बरेचसे आपल्याच प्रकाशकांच्या टपालखर्चावर अवलंबून असते.

जुना साठा आयता आला. 1836 च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीची पुस्तके इंपीरियल लायब्ररीत गेली, 1903 मध्ये लॉर्ड कर्झनने ती मेटकाफ हॉलमध्ये सर्वांना खुली केली, स्वातंत्र्यानंतर इंपीरियल लायब्ररीचे नाव राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि बिऱ्हाड अलिपूरच्या बेल्व्हेडियरमध्ये हलले. सर आशुतोष मुखर्जींचा ऐंशी हजारांवर ग्रंथांचा संग्रह देणगीतून मिळाला. भारतातल्या नव्या पुस्तकांची आवक मात्र मुख्यतः 1954 च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायद्यावर चालते. (वृत्तपत्रे त्यात 1956 मध्ये आली.)

कायदा सोपा आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने चार प्रती चार ठिकाणी पाठवायच्या : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. कोलकात्याची प्रत उत्तम कागदावरची, नीट बांधलेली, नकाशे-चित्रांसह पूर्ण हवी. परतीत आलेली, कोपरे दुमडलेली प्रत खपवायची ही जागा नव्हे. पहिली आवृत्ती पाठवली असेल आणि दुसरीत काहीच बदल नसेल, तर ती पाठवावी लागत नाही. प्रत मिळाल्याची लेखी पोच देणे ग्रंथालयावर बंधनकारक आहे; ती आली नाही तर मागावी आणि फाइलला लावावी.

घोटाळा होतो तो समजुतीत. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) घेतला म्हणजे पुस्तकाची सरकारदरबारी नोंद झाली, असे कितीतरी लेखक धरून चालतात. तो नुसता क्रमांक. त्यामागून प्रत आपोआप कुठेही जात नाही. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांचे तर आणखी अवघड : मुद्रकाला वाटते लेखक पाठवेल, लेखकाला वाटते मुद्रक पाठवेल. प्रकाशक म्हणून ज्याचे नाव छापले आहे, जबाबदारी त्याची. चारही प्रती एकाच पार्सलात मुंबईला पाठवून ‘पुढे धाडाव्यात’ अशी चिठ्ठी जोडण्यातही अर्थ नाही. पाकिटे चार करावीत.

दिवाळी अंकांची गत सर्वांत वाईट. ते ना धड पुस्तक, ना धड वृत्तपत्र, म्हणून कुठेच जात नाहीत. वास्तविक या कायद्यातल्या ‘पुस्तक’ शब्दात पुस्तिका, सुटे छापलेले नकाशे, संगीताचे कागदसुद्धा येतात. तेव्हा शंका असेल तिथे पाठवून मोकळे व्हावे. घरी जपलेल्या अंकाचा भरवसा धरू नये. पिनेचा गंज घडीत उतरतो, भोवतीचा कागद खातो आणि सर्वांत आधी मधले पान सुटून येते.

प्रत न गेल्याचा फटका कपाटापुरता राहत नाही. राष्ट्रीय ग्रंथसूची, म्हणजे देशात निघालेल्या पुस्तकांची अधिकृत यादी, याच कायद्याने आलेल्या प्रतींवरून तयार होते. प्रत नाही तर सूचीत नोंद नाही, आणि पन्नास वर्षांनी असे पुस्तक निघाले होते हे सिद्ध करायला हाती काही नाही. दंड म्हणाल तर 50 रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. तक्रारही केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच करायची. असल्या दंडाला कोण भिणार?

गंमत अशी की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1962 पासून दिल्लीत कार्यालय थाटून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तके मिळवली. आपल्याकडे पाचशेच्या आवृत्तीतल्या चार प्रती, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही, जड होतात. आणि हेच प्रकाशक परीक्षणासाठी वृत्तपत्रांकडे दोन-दोन प्रती न चुकता पाठवतात!

म्हणून एक सूचना. आपल्या ‘साभार पोच’ सदरात पुस्तकाचे नाव, पृष्ठे, किंमत छापता, त्याच ओळीत ‘चार ग्रंथालयांना प्रती रवाना : होय / नाही’ एवढे छापावे. परीक्षणासाठी पुस्तक पाठवणाऱ्याकडून ही माहिती आधीच मागवून घ्यावी.

— एक ग्रंथालयकर्मी वाचक