टाकीतले पापलेट: आधी खिम्याचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माशाच्या पेशी टाकीतल्या पोषक द्रावणात वाढवून मासळी तयार करण्याच्या तंत्रावर आपल्या पत्रसदरात दोन टोकांची मते येत असतात. एक बाजू म्हणते, आता दर्याला विश्रांती मिळणार. दुसरी म्हणते, कोळी-गाबित देशोधडीला लागणार. सुरमईची तुकडी आज ना उद्या टाकीतून बाहेर पडणार, हे मात्र दोघांनीही धरूनच ठेवलेले असते. ती इतक्यात पडणार नाही. का पडणार नाही हे समजले, की कोकणाने यातले काय घ्यावे आणि कशाच्या नादी लागू नये, हेही समजेल.

विषय आपल्या दाराशी आला तो जानेवारी २०२४ मध्ये. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नीट मीट बायोटेक या नवउद्योगाशी करार केला. त्यात नावे होती ती पापलेट, सुरमई अशा महाग मासळीची. त्याआधी, २०२३ मध्ये, महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आतले धरायचे नाही, असा तो नियम. (तो पाळायला टाकी लागत नाही, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा लागतो. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

जगात या तंत्राची चर्चा सुरू झाली ती २०१३ मध्ये लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी पेशींचा बर्गर सादर केल्यापासून. त्या एका बर्गरचा खर्च अडीच लाख युरोंच्या घरात होता. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेने जून २०२३ मध्ये पेशीजन्य कोंबडीला परवानगी दिली. इटलीने त्याच वर्षी बंदी घातली.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिली अडचण नमुन्याची. लिलावातली, बर्फात पडून राहिलेली मासळी इथे कामाची नाही. मासा जिवंत किंवा नुकता मारलेला हवा. पापलेट नाजूक, जाळ्यातून वर येईतो बहुधा मेलेले असते. नमुना मिळाला तरी माशाची कातडी जिवाणूंनी भरलेली, म्हणून आधी निर्जंतुक द्रावणाने आणि प्रतिजैविकांच्या पाण्याने धुवावे लागते. मग स्नायूचे मिलिमीटरभर तुकडे करायचे, कोलॅजिनेज या विकराने ते सुटे करायचे, ७० ते १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचे आणि पोषक द्रावणात ठेवायचे. इथे नवख्यांचा घात होतो. स्नायूच्या मूळ पेशी सावकाश वाढतात आणि सोबत आलेल्या जोडऊतीच्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, शेतातल्या तणासारख्या माजतात. दोन-तीन आठवड्यांनी बाटली गच्च भरलेली दिसते, पण तिच्यात स्नायू नावालाच. उपाय साधा आहे. जोडऊतीच्या पेशी भांड्याच्या तळाला आधी चिकटतात. तास-दोन तासांनी वरचे द्रावण दुसऱ्या भांड्यात ओतायचे, म्हणजे उशिरा चिकटणाऱ्या स्नायूपेशी त्याच्याबरोबर जातात. हे दोन-तीनदा करावे लागते.

माशाच्या पेशींची एक जमेची बाजू सांगायलाच हवी. गाय-कोंबडीच्या पेशींना ३७ ते ३९ अंश तापमान लागते. आपल्याकडच्या माशांच्या पेशी साधारण २५ ते २८ अंशांत वाढतात. एल-१५ सारखे तयार पोषक द्रावण वापरले तर त्याची आम्लता राखायला कार्बन डायऑक्साइडची वेगळी सोयही लागत नाही. शिवाय माशांच्या पेशी न थकता विभागत राहणाऱ्या सेल लाइनमध्ये सस्तन प्राण्यांच्या मानाने लवकर रूपांतरित होतात. मात्र वैशाख-ज्येष्ठात रत्नागिरीत बाहेर ३३ अंश असतात. म्हणजे इथे टाकी तापवायची नाही, गार ठेवायची आहे, आणि गारव्याचे बिल गरमीपेक्षा हलके नसते.

टाकीचा हिशेब असा. एक पेशी साधारण १५ मायक्रॉनची धरली, तर एक किलो मांसाला ५० हजार कोटींहून जास्त पेशी लागतात. मिलिलिटरला एक कोटी पेशी म्हणजे चांगली भरलेली टाकी समजतात. तेवढ्या दाटीतही लिटरमागे १८-२० ग्रॅम ओला लगदा हाती येतो, त्यातही बहुतेक पाणी. म्हणजे किलोला ५० लिटरच्या वर द्रावण. दाटी वाढवली की प्राणवायू पुरत नाही, अमोनिया आणि लॅक्टिक आम्ल साचते, वाढ खुंटते. हवा जोरात सोडली तर फुटणारे बुडबुडे पेशी फाडतात, कारण प्राणिपेशीला वनस्पतीसारखी भिंत नसते.

त्याहून मोठा शत्रू जिवाणू. स्नायूपेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते, जिवाणू अनुकूल परिस्थितीत २०-३० मिनिटांत दुप्पट होतो. एका सांध्यातून, एका गळक्या व्हॉल्व्हमधून थोडा शिरकाव झाला, की दुसऱ्या दिवशी सगळी टाकी गटारात. प्रतिजैविके ओतून हे झाकता येईल, पण मग ते अन्न कशाला म्हणायचे?

द्रावणातच खरा खर्च आहे. साखर, क्षार, अमिनो आम्ले स्वस्त. महाग पडतात ती वाढीचे घटक म्हणून वापरली जाणारी प्रथिने. पूर्वी हे काम गाभण गाईच्या कत्तलीनंतर न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढलेल्या सिरमवर चालायचे. प्राणी न मारता मांस म्हणून जे विकायचे, त्याचा पायाच हा होता. आता सिरमविना द्रावणे निघाली आहेत. सिंगापूरने जानेवारी २०२३ मध्ये तशा द्रावणावर वाढवलेल्या कोंबडीला मान्यता दिली. पण द्रावण औषधांच्या दर्जाइतके शुद्ध करावे लागले तर हरितगृह वायूंचा भार गोमांसाच्या ४ ते २५ पट होऊ शकतो, असा अंदाज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. उलट, वीज सौर-पवनाची आणि द्रावण अन्नाच्या दर्जाचे धरणाऱ्या अभ्यासांत हा भार गोमांसापेक्षा बराच कमी येतो. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्का टाकीवर नाही, विजेवर आणि द्रावणावर अवलंबून आहे. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर इथली किती गावे किती दिवस अंधारात होती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अशा ठिकाणी जनरेटरवर चालणारी टाकी कसली पर्यावरणपूरक?

आणि तुकडीचे काय? सुरमईची आडवी तुकडी हातात घेऊन पाहा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. आखूड स्नायूतंतूंचे थर आणि मध्ये पातळ पडदे. तव्यावर पडदे विरघळतात आणि मांस पाकळ्यांनी सुटते. ही रचना टाकीत आपोआप होत नाही. रक्तवाहिन्या नसल्याने प्राणवायू मांसाच्या गोळ्यात ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही, आतल्या पेशी मरतात. खाण्याजोग्या सांगाड्यावर पेशी बसवून पातळ पापुद्रे मिळतात. तिखट-मीठ लावून रव्यात घोळवण्याजोगी जाड तुकडी सहज मिळत नाही. चवीचेही तेच. ओमेगा-३ मेद माशाला समुद्रातल्या खाद्यातून मिळतो. पेशींना तो द्रावणातून दिला नाही तर मांसात येत नाही.

राहतो तो खिमा. आणि खिम्यात रत्नागिरीचे जुने कसब आहे. राणी माशाचे मांस गार पाण्यात धुऊन, साखर आणि फॉस्फेट मिसळून, गोठवून केलेली सुरिमी इथून परदेशी जाते. पण सुरिमीचा लवचिकपणा मायोसिन या प्रथिनामुळे येतो. मीठ घालून मळले आणि तापवले की त्याचे जाळे बांधले जाते. टाकीतल्या कोवळ्या पेशींत मायोसिन कमी असते. नुसत्या पेशींचा गोळा उकळला तर भुसभुशीत पेस्ट होते, सुरिमीसारखी घट्ट कांडी होत नाही. त्यामुळे पेशी सुरिमीत थोड्या मिसळून चव आणि बांधणी कुठवर टिकते, हे तपासणे एवढाच प्रयोग आज कोकणात करण्यासारखा आहे. त्याला कारखाना लागत नाही, सुरिमीचा अनुभव असलेली माणसे लागतात, आणि ती इथे आहेत.

मासाही पापलेट नको, जिताडा घ्यावा. तो खाडीत, तलावात, पिंजऱ्यात जिवंत मिळतो. त्याच्या सेल लाइन भारतात पूर्वीच तयार झाल्या आहेत, विषाणूंच्या अभ्यासासाठी का होईना. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जिताडा, तांबोशी, पालू यांच्या स्नायूपेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपणारी बँक उभी केली, तर पुढे कोणी टाकी घालो न घालो, ठेवा आपला राहील. भूखंड आणि अनुदान मागणाऱ्या प्रस्तावांना मात्र तीन आकडे आधी विचारावेत: किलोमागे द्रावण किती लिटर, वीज किती युनिट, आणि दहा घाण्यांपैकी किती जिवाणूंमुळे फेकले. हे आकडे नसतील तर फाइल पुढे सरकू नये.

भारतात अशा मांसाच्या विक्रीला अजून परवानगी नाही. ती मागावी लागेल एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१७ च्या अनिर्दिष्ट (प्रचलित मानकांत नसलेल्या) अन्नपदार्थांच्या नियमांखाली. तेव्हा पाकिटावर पेशींचे प्रमाण टक्क्यांत, भरीला काय घातले ते आणि पेशी कोणत्या माशाच्या, हे मराठीत छापण्याची अट घालावी. खानावळीच्या फलकावरही तीच अट लागू असावी. दहा टक्के पेशी आणि बाकी सोया, असा वडा ‘पापलेट कटलेट’ म्हणून विकला जाऊ नये.

आपले,
मत्स्यप्रक्रिया व पेशीसंवर्धन क्षेत्रातील काही वाचक,
रत्नागिरी