फणसाला फणसच म्हणावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील 'रॉ जॅकफ्रूट बिर्याणी'ची कृती वाचली. कृतीविषयी तक्रार नाही, तक्रार आहे ती नावाविषयी. ज्या कोवळ्या फळाला आम्ही कोकणात कुयरी म्हणतो आणि जिथे हा शब्द ठाऊक नाही तिथे 'कच्चा फणस' म्हटल्याने भागते, त्याच्यासाठी मराठी दैनिकाला इंग्रजीकडे उसनवारी का करावी लागली, हे समजले नाही.

गंमत अशी की हा 'जॅक' मुळात साहेबाचा नव्हेच. मलयाळममधला 'चक्का' पोर्तुगिजांच्या तोंडी 'जाका' झाला आणि त्याचाच पुढे इंग्रजीत 'जॅक' झाला. आपला 'फणस'ही काही कालचा नव्हे. संस्कृत 'पनस' शब्दातल्या 'प'चा प्राकृतात 'फ' होतो, हे हेमचंद्राने बाराव्या शतकातच आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवले आहे. फणसगाव, फणसाड, गिरगावातली फणसवाडी ही नावे आजही तोच शब्द सांभाळून आहेत.

साहित्यातही फणसाला मान आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, लंकाकांडात, बढाया मारणाऱ्या रावणाला राम सांगतो की माणसे तीन प्रकारची असतात : पाटल या फुलझाडासारखी, आंब्यासारखी आणि फणसासारखी. पाटलाला नुसती फुले, आंब्याला फुले आणि फळेही, फणसाला मात्र नुसतीच फळे. त्याप्रमाणे काही जण केवळ बोलतात, काही बोलतात आणि करतात, तर काही न बोलता करून दाखवतात. फुले खरे तर फणसालाही येतात, पण ती इतकी बारीक आणि एकमेकींना चिकटलेली असतात की फूल म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. बाहेरून काटेरी आणि आतून गोड ही आपली उपमा शालेय निबंधांनी पार झिजवून टाकली आहे; तुलसीदासांच्या उपमेत मात्र झाड नीट पाहिलेले दिसते.

राहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. आमच्या सासूबाई फणसावर बोटांनी टिचकी मारून, 'बद' असा आवाज आला तरच तो फोडायला घेत. हाताला आणि विळीला खोबरेल लावायचे, चीक पुसायला जुने वर्तमानपत्र घ्यायचे (क्षमस्व), मग गरे वेगळे, आठळ्या पावसाळ्यासाठी वेगळ्या आणि काटेरी सालीची चारखंडे गुरांपुढे. या प्रत्येक वस्तूला नाव आहे आणि ते कामाचे आहे. फणस कडक गऱ्यांचा कापा की मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका, हे 'जॅकफ्रूट' या शब्दातून कसे कळावे? बरक्याचा रस तांदळाच्या कण्यांत मिसळून सांदणे होतात. शेजारच्या नव्या सुनेने अशीच एक कृती वाचून सांदणांसाठी कापा आणला. ते कडक गरे मिक्सरमध्ये रुतून बसले आणि अखेर मुलांनी तसेच खाऊन टाकले.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या हंगामात फणसाची कृती छापताना कुयरी, कापा की बरका, ते साहित्याच्या यादीतच लिहावे.

आपली,
एक वाचक, देवगड