साताऱ्यात फ्रीलान्स सुरू करणाऱ्या भूलतज्ज्ञ मित्रास

सांगली

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पुण्याची नोकरी सोडून साताऱ्यात फ्रीलान्स करायचं ठरवलंस ते शहाणपणाचं की नाही, हे तुझं तू आणि वहिनी बघा. तू विचारलंयस, बॅगेत काय काय ठेवायचं. सांगतो, पण बॅग ही त्यातली सोपी बाजू. पुण्यात तुझ्या पाठीशी रिकव्हरीची सिस्टर, बायोमेडिकलचा माणूस, खालच्या मजल्यावर ब्लड बँक आणि शेजारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) दुसरा भूलतज्ज्ञ असतो. वडूज-दहिवडीकडच्या दहा खाटांच्या हॉस्पिटलात या चौघांचंही काम तूच करायचं असतं आणि फी एकाचीच मिळते.

आत गेल्यावर पेशंटच्या आधी सिलिंडर बघ. बऱ्याच ठिकाणी मशीनला बी टाइप लावलेला असतो, भरलेला असला तर साधारण १५०० लिटर. काटा निम्म्यावर म्हणजे ७५० लिटर. मिनिटाला ६ लिटरनं दोन तास पुरेल असा हिशोब सगळेच करतात आणि तिथंच फसतात. बेलोजचा (भात्याचा) व्हेंटिलेटर ऑक्सिजनच्या दाबावर चालणारा असेल, तर नुसते बेलोज ढकलायला तो मिनिटाला आणखी ६-७ लिटर खातो. मग दोन तासांचा ऑक्सिजन तासाभरात संपतो. अडचण आलीच तर व्हेंटिलेटर बंद कर, फ्लो कमी कर आणि हातानं बॅग दाब. ‘दुसरा सिलिंडर भरलेलाय सर’ हे ऐकून सोडून देऊ नकोस. पाना मागव, उघड, काटा चढतो का बघ. पानाच सापडत नसेल तर सापडेपर्यंत केस सुरू करायची नाही. कोविडात घेतलेले कॉन्सन्ट्रेटर जागोजागी आहेत, पण ते ५ नाहीतर १० लिटर देतात, तेही कमी दाबानं. मास्कला ठीक, मशीन त्यावर चालत नाही.

नायट्रसच्या (भुलीत वापरायच्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या) काट्यावर विसंबू नकोस. आत द्रव आहे तोवर तो जागचा हलत नाही, आणि उतरायला लागला की संपतच आलेला असतो. ऑक्सिजन ॲनालायझर नसलेल्या मशीनवर नायट्रस वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन तपासायच्या आधी ॲम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेव, बाकी सगळं बंद पडलं तरी ती चालते. मग एपीएल व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) बंद करून वाय-पीस (नळ्यांचं पेशंटकडचं तोंड) अंगठ्यानं दाब, ३० सेंटिमीटरपर्यंत दाब भर आणि १० सेकंद टिकतो का बघ. उतरला तर पहिला संशय सोडा लाइमच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यावर घ्यायचा. रबरी रिंगखाली एखादा दाणा अडकलेला असतो. त्यानंतर नळीला पडलेली चीर आणि नीट न बसलेला व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा डबा). सोडा लाइमचा रंग सकाळी बघून फसू नकोस, कारण संपलेला माल रात्रभर पडून राहिला की रंग परत येतो आणि अर्ध्या तासात पुन्हा उडतो. कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) श्वास आत घेतानाची रेघ शून्यावर येत नसेल तर डबा बदल. सक्शन तळहाताला लावून ओढ बघ. लाइट गेल्यावर जनरेटर आपोआप लागतो की कुणी मामा जाऊन चालू करतात, आणि मॉनिटरची बॅटरी तोवर तग धरते का, हे प्लग काढूनच कळतं.

आता बॅग. लॅरिंगोस्कोपचे (घसा बघून ट्यूब घालायच्या दिव्याचे) दोन हँडल, मॅकिंटॉश ब्लेडचे २, ३, ४ नंबर, लहान मुलांसाठी मिलर ब्लेड ० आणि १, जादा बल्ब आणि सेल. ट्यूबला वाट दाखवायला बूजी आणि स्टायलेट. ट्यूब जमली नाही तर घशात बसवायचे आय-जेल २, ३, ४. ट्यूब ३ पासून ७.५ पर्यंत. स्वतःचं बोटाचं पल्स ऑक्सिमीटर, आणि पैसे जमले की सगळ्यात आधी छोटा कॅप्नोमीटर घे. ट्यूब अन्ननलिकेत गेलीय हे सॅच्युरेशन फार उशिरा सांगतं, स्टेथोस्कोपही लठ्ठ पेशंटमध्ये दगा देतो. औषधांत ॲट्रोपिन, ॲड्रेनलिन, मेफेन्टरमिन, फेनिलेफ्रिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॅल्शियम. ब्लॉक (नसेजवळ औषध देऊन एखादाच भाग बधिर करणं) देणार असशील तर २० टक्के लिपिड इमल्शन. बधिर करायचं औषध (लोकल) अंगात चढलं तर किलोला १.५ मिली एकदम द्यावं लागतं, मग किलोला मिनिटाला ०.२५ मिली. फेन्टानिल गाडीत घेऊन फिरू नकोस. ते एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात येतं, मान्यता असलेल्या हॉस्पिटलनं आणायचं आणि रजिस्टरवर लिहायचं. छोट्या ठिकाणी ब्युटॉर्फेनॉल, नाल्बुफिन नाहीतर ट्रॅमाडॉलवर भागवावं लागतं.

सक्सिनिलकोलीन, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं २ ते ८ अंशांत राहायला हवीत. एप्रिलात सांगलीला बंद गाडीत काय होतं तुला ठाऊक आहे. जेल पॅकचा छोटा डबा घे, पण अँप्यूल पॅकला चिकटू देऊ नकोस, गोठतात. रोक्युरोनियम उतरवणाऱ्या सुगामाडेक्सची एक व्हायल ठेवून लोक निश्चिंत होतात. ती २०० मिलीग्रॅमची असते. ६० किलोच्या माणसाला रोक्युरोनियम दिल्या दिल्या ट्यूब गेली नाही, तर किलोला १६ प्रमाणे ९६० मिलीग्रॅम लागतात, म्हणजे पाच व्हायल. आणि ॲट्राक्युरियमला तिचा काडीचा उपयोग नाही.

पेशंटला काय विचारायचं ते इकडच्या पद्धतीनं विचार. ‘काही खाल्लंय का?’ म्हटलं की ‘कायबी नाही’ असंच उत्तर येतं. ‘चहा किती वाजता घेतला?’ असं विचारलं की खरं कळतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, त्याला ६ तास. तळलेलं, मटण असेल तर ८. नुसत्या पाण्याला २. गुटखा खाणाऱ्याला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांग. दोनच जात असतील आणि तुझ्याकडे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप नसेल, तर जनरलसाठी (पूर्ण भुलीसाठी) त्याला मिरजेला किंवा कराडला पाठव. स्पायनलवर (पाठीत सुई देऊन नुसता खालचा भाग बधिर करून) भागेल असं सर्जन म्हणतीलच, पण तिचा असर छातीकडे चढला तर ट्यूब त्याच तोंडातून घालायचीय. तासगावकडचा द्राक्षबागायतदार असेल तर गेल्या पंधरा दिवसांत कसली फवारणी केली ते विचार. ऑर्गेनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलं असेल तर सक्सिनिलकोलीन फोडणारं कोलिनेस्टरेज घटतं, आणि एरवी पाच मिनिटांत उतरणारं ते औषध तास-तास उतरत नाही.

तुझ्या निम्म्या केसेस सिझरच्या असतील. ठेंगण्या बाईला स्पायनलचं औषध, हेवी बुपिवाकेन, १.८ मिली पुरतं, सगळ्यांना डोळे झाकून २.२ देऊ नकोस. सुई २५ नाहीतर २६ नंबरची. बीपी उतरलं तर चढवायला मेफेन्टरमिन ३० मिलीग्रॅमचा १ मिली घेऊन १० मिली कर, त्यातलं २ मिली म्हणजे ६ मिलीग्रॅम. त्याच कामाच्या फेनिलेफ्रिनची अँप्यूल १० मिलीग्रॅमची असते, ती १०० मिली सलाइनमध्ये टाक म्हणजे मिलीला १०० मायक्रोग्रॅम, आणि बाटलीवर तिथंच मार्करनं लिही. अँप्यूलमधून थेट सिरिंजमध्ये ओढण्याची सवय नको. न पातळ केलेलं अर्धा मिली म्हणजे ५ मिलीग्रॅम, मेंदूत रक्तस्राव व्हायला तेवढं पुरे. आणि एक गोष्ट ताकीद समज. रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड स्पायनलच्या ट्रॉलीवर दिसलं तर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे ते पाठीत गेल्याच्या केसेस भारतासकट जगभर झाल्यात. पाठीत-पायात भयंकर वेदना, झटके, मग हृदयाचे ठोके बिघडतात, आणि नोंदलेल्या केसेसपैकी जवळपास निम्मे पेशंट दगावलेत. अँप्यूल स्वतः वाच, स्वतः फोड, स्वतः ओढ. आधीचं सिझर आणि वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल, तर रक्त हातात आल्याशिवाय हात लावू देऊ नकोस. साताऱ्याहून पिशवी यायला तास लागतो, तेवढा वेळ रक्तस्राव थांबत नाही.

पण फ्रीलान्सरचा खरा धोका टाके घातल्यानंतर सुरू होतो. सर्जन खाली ओपीडीत गेलेले, पुढच्या हॉस्पिटलचा फोन वाजतोय, आणि पेशंट अशा सिस्टरच्या हवाली जिला भुलीनंतरचा पेशंट सांभाळायला कुणी शिकवलेलं नाही. स्नायूंची सैलाई उतरवायला नियोस्टिग्मिन किलोला ०.०५ मिलीग्रॅम दिलं म्हणजे झालं असं नाही, त्याचा पूर्ण असर व्हायला दहा मिनिटं जातात, आणि टीओएफला (नसेला विजेचे चार हलके धक्के देऊन स्नायू हलतो का बघायच्या चाचणीत) चार झटके दिसायच्या आधी दिलं तर नीट उतरतही नाही. पाच सेकंद डोकं उचललं हा पुरावा कच्चा आहे. अर्धवट सैल पेशंटही डोकं उचलतो आणि वॉर्डात गेल्यावर जीभ मागे पडून निळा होतो. आल्ड्रेट (भुलीतून सावरल्याचे दहापैकी गुण) ९ झाल्याशिवाय आणि ऑक्सिजन काढून दहा मिनिटं सॅच्युरेशन टिकल्याशिवाय निघायचं नाही. प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजारात) मॅग्नेशियम चालू असेल तर आणखी थांब, ते स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबवतं. निघताना सिस्टरला मराठीत लिहून दे: सॅच्युरेशन ९४ च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी ५० च्या खाली किंवा १२० च्या वर गेली, पॅड भिजला, तर आधी मला फोन. त्या कागदाचा आणि भुलीच्या चार्टचा फोटो काढून ठेव. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, तोवर हॉस्पिटलातली फाइल जागेवर असेलच असं नाही.

म्हणून एका वेळेला एकच जागा कबूल कर. नकाशावर दिसतं त्यापेक्षा अर्धा तास जास्त धर. गाळप हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या चालतात, शनिवार-रविवारी वाई-पाचगणीकडचा रस्ता तुंबतो. इकडं कधी आलास तर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघून कॉल घे; ४५ फूट धोक्याची, पण त्याच्या आधीच आजूबाजूचे रस्ते बुडायला लागतात.

पैशाचं थोडक्यात. केसच्या आधी आकडा ठरव, रात्रीचा वेगळा. महात्मा फुले योजनेतली केस असेल तर तुझी फी हॉस्पिटल लगेच देणार की योजनेचे पैसे आल्यावर, हे तोंडावर विचार, लाजू नकोस. टीडीएस १० टक्के कापला म्हणतात त्यांनी तो भरलाय का, हे आयकराच्या साइटवर तुझ्या खात्यात तपास. टेबलावर घेऊन रद्द केलेल्या केसची निम्मी फी मागायला हरकत नाही, देणारे देतात.

‘पाच मिनिटांची केस आहे’ असं म्हणून क्युरेटिंगसाठी (गर्भाशयाची पिशवी साफ करायला) ऑक्सिजन, सक्शन नसलेल्या खोलीत बोलावतील. ‘सर, पेशंट ओटीत घ्या, मी तयारी करतो’ एवढंच म्हणायचं आणि ओटीत जाऊन उभं राहायचं. वाद घालत बसू नकोस.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यायच्या आधी कळव. काही स्वस्त मॉडेलना एकदाच वापरायची ब्लेड लागते आणि ती साताऱ्यात लगेच मिळत नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद